उसन्या शब्दांनी मतं परत येत नाहीत

मा. फ्रीडरिष मेर्त्स,
चान्सेलर, जर्मनी आणि अध्यक्ष, सीडीयू पक्ष



येत्या ६ सप्टेंबरला झाक्सेन-आनहाल्ट या माझ्या राज्यात विधानसभेचं मतदान आहे. सप्टेंबर २०२५ पासूनच्या जनमत चाचण्या एएफडी या कडव्या उजव्या पक्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास मतं दाखवताहेत. २००२ पासून इथला मुख्यमंत्री तुमच्या पक्षाचा आहे, आणि तोच पक्ष या चाचण्यांत बराच मागे पडला आहे. एएफडीच्या हाती राज्य गेलं, तर त्या पक्षाचा देशातला पहिला मुख्यमंत्री माझ्या शहरात, माग्डेबुर्गमध्ये, शपथ घेईल. मी या शहराची रहिवासी आहे, जर्मन नागरिक आहे, मतदार आहे, आणि मला काळजी वाटते. ती वाढवणं किंवा कमी करणं बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला.

पत्र मराठीत आहे, त्यालाही कारण आहे. जर्मनीत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीय आज पहिल्या क्रमांकावर आहेत. पुण्या-मुंबईत जर्मन भाषेच्या वर्गांत बसलेल्या मुलामुलींना आणि कर्ज काढून त्यांना इकडे धाडणाऱ्या आईवडिलांना इथे काय चाललं आहे ते कळायला हवं. तेव्हा तुम्हाला ठाऊक असलेल्या काही गोष्टी मी पुन्हा सांगेन. त्या त्यांच्यासाठी आहेत.

आधी भीती नेमकी कसली ते सांगते. जर्मनीत पोलीस, शाळा, विद्यापीठं आणि सांस्कृतिक संस्था राज्य सरकारच्या अखत्यारीत असतात. परकीय नागरिकांचे निवास परवाने देणारी कार्यालयंही राज्याच्या देखरेखीखाली चालतात. म्हणजे मुख्यमंत्री बदलला की माझ्या सहकाऱ्याच्या परवान्याच्या फाइलपासून माझ्या मुलीच्या इतिहासाच्या पुस्तकापर्यंत सगळ्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. एएफडीच्या इथल्या शाखेला राज्याच्याच संविधान संरक्षण विभागाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘निश्चितपणे कडवी उजवी’ ठरवलं. त्याच महिन्यात पोट्सडामजवळच्या एका हॉटेलात बंद दाराआड बैठक झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये ‘कोरेक्टिव्ह’ या शोधपत्रकारांच्या गटाने ती उघडकीस आणली. विषय होता ‘रीमायग्रेशन’, म्हणजे बाहेरून आलेल्यांना परत पाठवणं. जर्मन नागरिकत्व घेतलेल्यांबद्दलही तिथे बोलणं झालं, असं त्या वृत्तात होतं. हजर असलेल्यांपैकी काहींनी ते नाकारलं. आमच्या राज्यातले एएफडीचे प्रमुख उमेदवार उलरिष झीगमुंड त्या बैठकीला होते. ‘कोरेक्टिव्ह’च्या वृत्तानुसार, परदेशी उपाहारगृहांवर दबाव आणावा आणि अशा लोकांना या राज्यात राहणं नकोसं व्हावं, अशा आशयाचं ते तिथे बोलले.

‘अशा लोकांत’ मी येते की नाही, हा प्रश्न मला पडतो. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. जर्मन नागरिक झाले तेव्हा माझा भारतीय पासपोर्ट वकिलातीत जमा करावा लागला आणि तो ‘रद्द’ असा शिक्का बसून परत आला. ओसीआय कार्डावर मी इचलकरंजीला आईकडे जाऊ शकते, राहू शकते, पण तिथे मत देऊ शकत नाही. माझं मत आता जगात एकाच जागी चालतं, ते इथे. या देशाने बोलावलं, मी आले, शिकले, नोकरीला लागले, कर भरते, आणि शेवटी आपलं मूळचं नागरिकत्व सोडून या देशाची झाले. एवढं केल्यावरही ‘ही आपली की परकी’ हे दर निवडणुकीला नव्याने ठरणार असेल, तर ते कोणालाही सोसणारं नाही.

आता एएफडीला मत देणाऱ्यांविषयी. मी त्यांना शिव्या देणार नाही, कारण मी त्यांच्यात राहते. माझ्या जिन्यात खालच्या मजल्यावर एक आजोबा आहेत. आयुष्याची ऐन उमेदीची वर्षं त्यांनी ‘स्केट’ या इथल्या अवजड यंत्रांच्या कारखान्यात काढली. पूर्व जर्मनीच्या काळात या कारखान्यावर माग्डेबुर्गमधली हजारो घरं चालत होती. १९९० मध्ये देश एक झाला, सरकारी उद्योग ‘ट्रॉयहांड’ या संस्थेकडे खासगीकरणासाठी गेले आणि काही वर्षांत हा कारखाना मोडीत निघाला. आजोबा पन्नाशीच्या आत घरी बसले. पोरं पश्चिमेला गेली, ती तिकडचीच झाली. १९९० मध्ये या राज्याची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती, आज ती २१ लाखांच्या आसपास आहे. माझ्या बाळंतपणानंतर याच आजोबांनी महिनाभर माझं बाजाराचं सामान वर आणून दिलं. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत त्यांनी एएफडीला मत दिलं आणि तसं मला तोंडावर सांगितलंही. ‘तुझ्याविरुद्ध नाही गं,’ म्हणाले. ते खरंच बोलत होते, याबद्दल मला शंका नाही.

मी मराठी आहे, त्यामुळे हा राग मला परका नाही. मुंबईत १९६६ मध्ये भूमिपुत्रांच्या नावाने चळवळ उभी राहिली, तेव्हा नोकऱ्यांचा प्रश्न खरा होता. पण मार बसला तो दक्षिणेतून पोटासाठी आलेल्या कारकुनांना आणि उडुपी हॉटेलवाल्यांना. १९८२ च्या संपानंतर अडीच लाख गिरणी कामगारांच्या घरातली चूल विझली, गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उठले, आणि पुढे २००८ मध्ये त्याच शहरात उत्तर भारतीय टॅक्सीवाल्यांच्या काचा फुटल्या. गिरणी काही टॅक्सीवाल्याने बंद केली नव्हती. कष्टकरी माणसाची फसवणूक एक जण करतो आणि त्याचा राग दुसऱ्याच कुणावर निघतो, हे मी दोन देशांत पाहिलं आहे. म्हणून आजोबांचा राग मला खोटा वाटत नाही. त्या रागाला माझा पत्ता दिला जातो आहे, ते मला खटकतं.

आणि फसवणूक थांबलेलीही नाही. इंटेल कंपनी माग्डेबुर्गला चिपचा कारखाना काढणार, तीस अब्ज युरो गुंतवणार, सरकार जवळपास दहा अब्ज देणार, असं या शहराला सांगण्यात आलं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रकल्प लांबणीवर पडला, जुलै २०२५ मध्ये रद्द झाला. शहराच्या वेशीवर शेकडो एकर जमीन मोकळी पडून आहे. तिच्या जवळून रोज कामाला जाणाऱ्या माणसाला कुणी येऊन सांगितलं की तुमच्या वाट्याचं बाहेरचे खाताहेत, तर ते त्याला पटायला वेळ लागत नाही.

त्यात २० डिसेंबर २०२४ ची ती रात्र. इथल्या नाताळच्या बाजारात एका माणसाने गाडी घातली. सहा जणांचा जीव गेला, त्यांत एक नऊ वर्षांचा मुलगा होता. तीनशेच्या आसपास लोक जखमी झाले, त्यांत सात भारतीय होते. हल्लेखोर सौदी अरेबियातून आलेला डॉक्टर होता. तो इस्लामचा कट्टर विरोधक होता आणि समाजमाध्यमांवर एएफडीचीच तरफदारी करत असे. हा तपशील ऐकून घ्यायला त्या आठवड्यात कुणाला सवड नव्हती. तीन दिवसांनी कॅथेड्रलसमोरच्या चौकात एएफडीची सभा झाली. विद्यापीठातल्या मराठी मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर निरोप फिरू लागले: अंधार पडल्यावर एकट्याने ट्राम घेऊ नका, फोनवर मोठ्याने मराठीत बोलू नका. ज्या बाजारात आम्ही सगळे मिळून जात होतो, त्याच बाजारातल्या मृतांसाठी मेणबत्ती लावायला जातानाही आम्ही आधी आजूबाजूला पाहत होतो. दुःख साऱ्या शहराचं होतं. ते आम्हाला उघडपणे करता आलं नाही.

त्यानंतर दीड महिन्याच्या आत, मेर्त्स साहेब, तुमची ती चाल आली, आणि तिच्याबद्दल बोलल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. २२ जानेवारी २०२५ रोजी आशाफेनबुर्गच्या बागेत एका अफगाण माणसाने दोन वर्षांच्या बाळावर आणि त्याला वाचवायला धावलेल्या माणसावर सुरा चालवला, दोघेही गेले. ते बाळ मोरोक्कन कुटुंबातलं होतं. देश हादरला होता, आणि तुम्ही काहीतरी करायलाच हवं होतं, हे मी मान्य करते. पण तुम्ही जे केलंत ते असं: २९ जानेवारीला बुंडेस्टागमध्ये, म्हणजे संसदेत, ज्यूंच्या संहाराच्या स्मरणाचा कार्यक्रम झाला, आणि त्याच दिवशी संध्याकाळी तुमचा स्थलांतरविरोधी ठराव एएफडीच्या मतांच्या जोरावर थोडक्या फरकाने मंजूर झाला. बुंडेस्टागमध्ये एएफडीच्या मतांवर असं बहुमत पहिल्यांदाच उभं राहिलं. माजी चान्सेलर अँगेला मेर्केल यांनी दुसऱ्याच दिवशी हे चुकीचं झाल्याचं जाहीरपणे सांगितलं. छळछावणीतून वाचलेले आल्ब्रेष्ट वाइनबेर्ग यांनी आपला राष्ट्रीय सन्मान परत करण्याचं जाहीर केलं. ३१ जानेवारीला तुमचं विधेयक तुमच्याच बाजूची काही मतं न मिळाल्यामुळे पडलं.

या सगळ्यातून मिळालं काय? एएफडीची मतं निम्म्यावर आणू, असं तुम्ही २०१८ च्या सुमारास पक्षाच्या अध्यक्षपदासाठी उभे होता तेव्हा म्हणाला होतात. तेव्हा बुंडेस्टागच्या निवडणुकीत त्यांचा मतांचा वाटा १२.६ टक्के होता. २३ फेब्रुवारी २०२५ रोजी तो २०.८ टक्के झाला, आणि आमच्या राज्यात तब्बल ३७ टक्के. त्या निवडणुकीत तुमच्या आघाडीचे सुमारे दहा लाख मतदार त्यांच्याकडे गेले, असा निवडणूक विश्लेषकांचा अंदाज होता. नेदरलँड्समध्येही हेच झालं होतं. २०२३ च्या प्रचारात तिथल्या उदारमतवादी व्हीव्हीडी पक्षाने कडवे उजवे नेते खेर्ट विल्डर्स यांच्यासाठी सत्तेचं दार किलकिलं ठेवलं, सारा प्रचार स्थलांतराभोवती फिरवला, आणि विल्डर्स ३७ जागा घेऊन पहिले आले. ज्या प्रश्नाला तुम्ही त्यांच्याच शब्दांत हात घालता, त्या प्रश्नावर लोक अस्सल माल विकणाऱ्याकडेच जातात. उसन्या शब्दांनी मतं परत येत नाहीत. उलट जे शब्द काल लोक दबक्या आवाजात बोलत होते, ते आज चान्सेलरच्या तोंडून ऐकल्यावर ट्राममध्ये उघड बोलले जातात.

ऑक्टोबर २०२५ मध्ये पोट्सडामला स्थलांतराबद्दल बोलताना तुम्ही ‘शहराच्या रूपात’ अजून ही अडचण दिसते असं म्हणालात आणि लगेच परत पाठवणीचा विषय काढलात. पुढे तुम्ही खुलासा केलात की तुमचा रोख ज्यांच्याकडे परवाना नाही, काम नाही आणि जे नियम पाळत नाहीत त्यांच्याकडे होता. स्थलांतरितांशिवाय आपलं चालणार नाही, हेही सांगितलंत. मी तो खुलासा वाचला. पण रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाच्या हातात माझा परवाना नसतो, त्याला फक्त माझा रंग दिसतो. ‘रूप’ म्हटल्यावर तो जे पाहील, ते मीच असणार.

आमच्यातल्या काहींना वाटतं की हे आपल्याबद्दल नाही. आपण शिकलेले, पगारदार, कायदा पाळणारे. राग आहे तो दुसऱ्यांवर. त्यांना मी २००० सालची आठवण करून देते. श्रोडर सरकारने संगणक तज्ज्ञांसाठी ग्रीन कार्ड काढलं, तेव्हा नॉर्डराइन-वेस्टफालेनमध्ये तुमच्याच पक्षाचे युर्गेन र्‍युटगेर्स ‘भारतीयांऐवजी मुलं’ अशा अर्थाच्या घोषणेने ओळखले जाऊ लागले. तेव्हा निशाण्यावर होते ते पदवीधर भारतीयच. र्‍युटगेर्स ती निवडणूक हरले. मतदारांनी तेव्हा ती भाषा नाकारली होती, हे तुमच्या पक्षाने विसरू नये.

इतिहासाची तुलना जपून करावी, हे मला कळतं. एएफडीला मत देणारे माझ्या जिन्यातले आजोबा नाझी नाहीत, आणि २०२६ म्हणजे १९३२ नव्हे. पण सत्तेची वाट कुठून गेली होती, ते या मातीत राहून विसरता येत नाही. जानेवारी १९३० मध्ये शेजारच्या थ्युरिंगेनमध्ये उजव्या मध्यममार्गी पक्षांनी विल्हेल्म फ्रिक या नाझी नेत्याला गृह आणि शिक्षण खातं दिलं. त्याने पोलीस दलात आपली माणसं भरली आणि येनाच्या विद्यापीठात वंशवादी हान्स ग्युंटर याला प्राध्यापकपद मिळवून दिलं. मे १९३२ मध्ये आनहाल्टमध्ये, म्हणजे आजच्या माझ्याच राज्याच्या एका भागात, नाझी मुख्यमंत्री आला, आणि त्याच वर्षी डेसाऊच्या नगरपालिकेने नाझींच्या ठरावावरून बाउहाउस ही तिथली जगप्रसिद्ध कलाशाळा बंद पाडली. हे सगळं हिटलर चान्सेलर होण्यापूर्वीचं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये इथल्या विधानसभेत एएफडीने त्याच बाउहाउसच्या शताब्दीच्या गौरवाविरुद्ध ठराव आणला. म्हणून ‘एक राज्य त्यांच्या हाती देऊन तर पाहू, आपोआप उघडे पडतील’ हा सल्ला कुणी दिला, तर कृपा करून ऐकू नका. राज्य ही प्रयोगाची जागा नाही. तिथे माणसं राहतात.

आता माझं मागणं. एएफडी हाच मुख्य प्रतिस्पर्धी आहे, असं तुम्ही ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलंत. ते मी प्रामाणिक मानून तीन गोष्टी मागते.

पहिली: ६ सप्टेंबरनंतर तुमचा पक्ष एएफडीबरोबर सरकार बनवणार नाही, त्यांच्या पाठिंब्यावर सरकार चालवणार नाही आणि त्यांच्या सरकारला बाहेरूनही टेकू देणार नाही, हे मतदानाआधी, माग्डेबुर्गमध्ये येऊन, तुमच्या तोंडून सांगा. आणि ते शक्य कसं होईल, हेही सांगा. पाच टक्क्यांखालच्या पक्षांना इथे जागा मिळत नाहीत. पंधरा टक्के मतं अशी वाया गेली, तर साडेबेचाळीस टक्क्यांच्या पुढे गेलेल्या पक्षाला एकट्याला बहुमत मिळतं. तसं झालं नाही, तरी एएफडीला बाहेर ठेवायला कदाचित डाव्या ‘लिंके’ पक्षाशी बोलावं लागेल. तुमच्या पक्षाने २०१८ च्या ठरावात दोघांनाही सारखंच अस्पृश्य ठरवलं आहे. पण ६ मे २०२५ रोजी चान्सेलरच्या निवडीच्या पहिल्या फेरीत तुम्हाला ३१६ ऐवजी ३१० मतं पडली, तेव्हा त्याच दिवशी दुसरी फेरी घेता यावी म्हणून तुमच्या पक्षाला लिंकेशी बोलावंच लागलं. जे तुमच्या खुर्चीसाठी चाललं, ते आमच्या राज्यासाठी चालायला हवं.

दुसरी: पायाभूत सुविधांसाठी पाचशे अब्ज युरोंचा खास निधी २०२५ मध्ये राज्यघटना बदलून उभा केलात, त्यातले शंभर अब्ज राज्यांना आहेत. ते पैसे इथल्या गावांत दिसू द्या: बंद झालेली बसची फेरी, महिनोन्‌महिने न मिळणारी डॉक्टरची वेळ, गळणारं शाळेचं छत. आजोबांना परकीयांबद्दलचं भाषण नको आहे, त्यांना गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख हवी आहे. ती देणाऱ्या रुग्णालयात त्यांना सीरियाचा डॉक्टर आणि केरळची परिचारिका भेटेल, आणि माझ्या शंभर पत्रांनी होणार नाही ते काम त्या भेटीने होईल.

तिसरी: जानेवारी २०२६ मध्ये तुम्ही अहमदाबादला गेलात, साबरमतीकाठी पतंग उडवलात, बंगळूरुला गेलात आणि कुशल भारतीय जर्मनीला हवे आहेत असा निरोप दिलात. तेच वाक्य माग्डेबुर्गच्या बाजारचौकात उभं राहून बोला. भारतात ते ऐकून टाळ्या मिळतात. इथे ते बोलल्याने कदाचित मतं कमी होतील. पण आम्हाला बोलावणारा देश आम्ही आल्यावरही आमच्या बाजूने उभा राहतो का, हे तिथेच कळेल. पुण्याच्या वर्गात क्रियापदं घोकणाऱ्या मुलीला मी काय सांगायचं, तेही त्यावरच ठरेल.

माझ्या बाजूने मी काय करणार, तेही सांगते. मी मत देणार आहे. ज्यांना नागरिकत्व मिळालं आहे अशा ओळखीच्या प्रत्येक मराठी घरात जाऊन त्यांना मतदानाला बाहेर काढणार आहे. आजोबांशी बोलणं तोडणार नाही. त्यांचं म्हणणं ऐकेन आणि माझंही ऐकवेन. नागरिक म्हणून माझ्या आवाक्यात एवढं आहे. चान्सेलर म्हणून तुमच्या आवाक्यात याहून पुष्कळ आहे, आणि ते करायला ठरावीक मुदत आहे. ६ सप्टेंबरच्या आधी दिलेल्या शब्दावर आम्ही मत देऊ शकतो. निकालानंतर दिलेल्या शब्दाचा मतदाराला काहीच उपयोग नाही. तेव्हा आत्ता बोला.

आपली नम्र,
माग्डेबुर्गमधली एक मराठी मतदार